हार सुकलाच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या लग्नसराईच्या पुरवणीत एक चौकट आली होती, वरमालेतल्या फुलांचे अर्थ अशी. झेंडू म्हणजे समृद्धी, गुलाब म्हणजे प्रेम, मोगरा म्हणजे पावित्र्य, ऑर्किड म्हणजे म्हणे ऐश्वर्य, आणि खाली एक ओळ की हिंदू आणि शीख दोन्ही लग्नांत हाराचा अर्थ एकच. वाचता वाचता माझा चहा गार झाला. मी रिटायर झालेली बँकवाली बाई, फुलांची अभ्यासक वगैरे काही नाही, पण यंदा पंधरा दिवसांत दोन लग्नं अगदी आत शिरून बघितली, एक नांदेडला शिखांचं आणि एक घरचंच, माझ्या मुलाचं, इथे पुण्यात, आणि दोन्हीकडे ह्या हारावरून डोक्याला भरपूर खुराक मिळाला. त्यामुळे लिहितेय. पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा पण नल-दमयंतीचा भाग ठेवा.

आधी झेंडूचंच घ्या. दसऱ्याचं तोरण, गाडीला हार, मांडवाला माळा, आपल्याला वाटतं हा पहिल्यापासून आपल्याच अंगणातला. पण झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. आणि तिकडे तो कशाला वापरतात तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण असतो त्याला, थडग्यांवर राशीच्या राशी घालतात. आता ह्यात समृद्धी कुठे बसवायची ते चौकट लिहिणाऱ्याने सांगावं. निशिगंध, ज्याला मार्केट यार्डात सगळे गुलछडीच म्हणतात आणि ज्याच्याशिवाय आपल्याकडे नवरदेवाचा हार पुरा होत नाही, तोही तिकडचाच पाहुणा. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या लग्नात ही दोन्ही फुलं नव्हती, आणि लग्नं तर लागतच होती. मला झेंडूचा राग नाही हो, उलट आवडतो, चार तास उन्हात टिकतो बिचारा. पण जे फूल त्या महिन्यात त्या भागात ताजं आणि परवडेल असं मिळतं ते हारात जातं, गोव्यात अबोली, वसईकडे मोगरा, बंगालमध्ये निशिगंध, एवढं साधं आहे ते, त्याला प्रत्येकी एक एक अर्थ चिकटवला की ते राशिभविष्य होतं.

अर्थ आहे तो घालण्यात आहे. आणि हे मराठीत किती उघड आहे बघा, तुमच्याच पेपरात दर महिन्याला हेडिंग असतं, अध्यक्षपदाची माळ कोणाच्या गळ्यात. माझे सासरे वारकरी होते, त्यांच्याकडे माळ घातली म्हणजे मटण सुटलं, दारू सुटली, वारीला पाय निघालेच पाहिजेत, तिथे तर फूलसुद्धा नाही, नुसते तुळशीचे मणी. आणि फोटोला हार दिसला की आपण विचारत नाही, आवाज खाली करतो. तर माळ गळ्यात पडली की माणूस आधी होता तसा राहत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही. अजून एक, माळ पडायची तर मान खाली घालावी लागते. ताठ मानेच्या माणसाला हार घालून बघा, कानात अडकतो.

मुलाच्या लग्नाचे हार मी मंडईजवळच्या एका बाईंकडे सांगितले होते, तीस-पस्तीस वर्षं तिथेच बसतात. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला तर मुलाची उंची किती आणि मुलीची किती. बजेट नंतर. मग म्हणाल्या नवरीचा थोडा हलका करते, शालू, दागिने, मुंडावळ्या, आधीच पोरगी वाकलेली असते. दोरा सुती हवा, नायलॉनने मान कापते. गुलछडीच्या कळ्या न उमललेल्या घ्यायच्या म्हणजे मुहूर्ताला उमलतात, गुलाब मधे मधे, मागे मानेला टेकतो तिथे फूल नाही नुसती पानं, कारण घाम तिथेच येतो आणि फूल तिथेच चिरडतं. सगळं लांब सुईने ओवून मग ओल्या फडक्यात गुंडाळून दिलं आणि बजावलं, फ्रिजमध्ये ठेवू नका, काळे पडतील. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, इतकं कस्टमरच्या मापाचं काम आम्ही कधी केलं नाही.

आता हॉलचं ऐका. नाव लिहीत नाही, लिहून उपयोग नाही, सगळे सारखेच झालेत. पॅकेजमध्ये वरमाला इन्क्लूडेड, आणि बाहेरची फुलं अलाउड नाहीत कारण पाकळ्यांनी कार्पेटला डाग पडतात. लग्नाचा हॉल आणि पाकळ्या नकोत! त्यांचे हार ट्रेमध्ये मांडून आले, मोठे, जाडजूड, कापडी गुलाब, आत तार, वरून चमकी, लांबून मात्र अस्सल दिसणारे. मी हात लावला तर बोटाला चमकी लागली आणि वासाला काहीच नाही, स्प्रे मारलेला तेवढा. मॅनेजर म्हणाला मॅडम हे सुकत नाहीत, रिसेप्शनला पण हेच चालतात, आणि फ्रेम करून घरी पण लावता येतात. सुकत नाहीत ही त्याच्या मते सगळ्यात मोठी क्वालिटी. ह्या असल्या फुलांपायी इकडे खरी फुलं पिकवणाऱ्यांचा भाव पडतो, बंदी घाला म्हणून फूल उत्पादक मुंबई हायकोर्टापर्यंत गेलेत, पण मॅनेजरला हे सांगायला वेळ कुणाला होता, गौरीहर चालू होता आतमध्ये.

शेवटी मुलीच्या मामाने, ज्याला अंतरपाटामागे मुलीला घेऊन उभं राहायचं होतंच, त्याने ओल्या फडक्यातले हार उपरण्याखाली धरून आणले. चोरून. स्वतःच्या भाचीच्या लग्नात फुलं चोरून आणायची वेळ.

पुढे अजून गंमत. मंगलाष्टकं संपली, शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली, अक्षता पडल्या, ताशा सुरू, आणि सून हार घालणार तेवढ्यात माझ्या चिरंजिवांच्या मित्रांनी त्याला खांद्यावर उचलला. गुरुजी खालून ओरडतायत अहो मुहूर्त, वरून ड्रोन फिरतोय, मित्र नाचतायत. सून काही बोलली नाही, उड्याबिड्या तर अजिबात मारल्या नाहीत, हार दोन्ही हातात धरून नुसती उभी राहिली. दीडएक मिनिटात पोरांचे हात भरून आले, ठेवलं त्याला खाली, मग त्याने आपणहून मान वाकवली आणि तिने घातला. मला तेव्हाच कळलं की घरात आता माझं कुणी ऐकणार नाही, पण आनंद झाला.

मी हा राग आमच्या सोसायटीतल्या तमिळ काकूंकडे काढला, की हे उचलाउचलीचं फॅड सिनेमावाल्यांनी आणलं म्हणून. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या आमच्यात पहिल्यापासून आहे, मालै माट्रल म्हणतात, मुलाला मुलाचा मामा उचलतो आणि मुलीला मुलीचा मामा, आणि दोघं हार बदलतात, एकदा नाही तीनदा, मग झोपाळ्यावर बसवतात. आणि बंगाल्यांकडे तर नवरीलाच पाटावर बसवून तिचे भाऊ उचलतात, विड्याच्या पानांनी तोंड झाकलेलं, नवऱ्याभोवती सात फेऱ्या, मग पानं बाजूला करून नजरानजर आणि मग मालाबदल. तेव्हा उचलण्याबद्दलचं माझं बोलणं मी मागे घेते, निदान अर्धं. कारण काकूंच्या तमिळ लोकांत दोघांनाही उचलतात, सारखी उंची, आणि उचलणारा मामा असतो, नात्यातला. आमच्याकडे एकालाच उचलला होता आणि रील बनत होतं.

त्याच काकूंनी एक भारी गोष्ट सांगितली जी मला बँकेत असताना कळली असती तर कितीतरी जॉइंट अकाउंटवाल्यांना सांगितली असती. तमिळनाडूत १९६७ साली, अण्णादुराईंचं सरकार आल्यावर, हिंदू विवाह कायद्यात एक वेगळं कलम घातलं, समाजसुधारक पेरियारांच्या भटजीशिवायच्या स्वाभिमान विवाहांसाठी. नातेवाईक, मित्र किंवा कुणीही चार माणसांसमोर दोघांनी एकमेकांना हार घातला तरी लग्न कायदेशीर. किंवा अंगठी, किंवा ताली म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, किंवा नुसतं तोंडाने म्हटलं की हा माझा नवरा ही माझी बायको तरी. पुरोहित लागत नाही. म्हणजे तिथे हार हा फोटोचा प्रॉप नाही, तो घातला की लग्न झालं, कोर्टात उभं राहील असं. आपल्याकडचं बघा, जोतीराव फुल्यांचं आडनावच घरच्या फुलांच्या धंद्यावरून पडलेलं, आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. सत्यशोधक पद्धतीची दोन लग्नं मी बघितलीत, त्यात होम नव्हता, सप्तपदी नव्हती, पण हार होते. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे ज्यांनी विचार करून ठरवलं त्यांनी हार ठेवला.

आणि ज्यांनी विचार करून हार बाजूला ठेवला तेही सांगते, कारण तुमच्या चौकटीतली शेवटची ओळ तिथे साफ चुकलीय.

नांदेडला मी नऊ वर्षं होते बदलीवर. शेजारी शीख कुटुंब, पिढ्यान्पिढ्या नांदेडचे, घरात पंजाबी आणि भाजीवाल्याशी आपल्यापेक्षा चांगली मराठी. त्यांच्या नातीचं लग्न होतं. सकाळी गुरुद्वाऱ्याबाहेर वरात आली, दोन्हीकडची मंडळी समोरासमोर उभी राहिली, आधी अरदास म्हणजे प्रार्थना झाली आणि मग मिलनी. एकेक नातं पुकारतात, मुलीचे वडील मुलाचे वडील, काका काका, मामा मामा, आणि दोघं पुढे येऊन एकमेकांच्या गळ्यात हार घालतात आणि कडकडून मिठी मारतात. आपल्या व्याहीभेटीसारखंच, फक्त आवाज दसपट. तिथेही उचलाउचली होतीच! मिठी मारता मारता कोण कोणाला उचलतो ह्याची खुन्नस, मुलीचा मामा एवढासा होता पण त्याने समोरच्या शंभर किलोच्या मामाला वीतभर वर उचलला आणि बायकांनी शिट्ट्या मारल्या. झेंडूचे साधे हार, मिठीत सगळे चुरडले, सगळ्यांच्या शेरवान्यांना पिवळे डाग. कार्पेटची कोणाला पडली नव्हती. नवऱ्या मुलाच्या गळ्यात मात्र कोणीतरी दहा-दहाच्या कोऱ्या नोटांचा हार घातला होता, तो बघून माझा जीव खालीवर झाला, रिझर्व्ह बँकेने कितीदा सांगितलंय नोटांचे हार करू नका, पण लग्नात कोण ऐकतं, आणि मी आता रिटायर आहे.

मग आत जायची वेळ झाली तसे हार निघाले. तोंडावरचा सेहरा बहिणीने बांधला होता, तोही दारातच सोडला. मला वाटलं उकाड्यामुळे. तर मुलीच्या आजोबांनी सांगितलं, १९४५ साली गुरुद्वाऱ्यांच्या शिरोमणी कमिटीने जी रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, पक्की केली त्यात आनंद विवाहाला, म्हणजे शीख पद्धतीच्या लग्नाला, सेहरा, मुकुट, हातात बांधायचा दोरा म्हणजे गाना हे चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय, मुहूर्त बघणंही नाही. बाहेर लोक हौस करतात, आत नाही. आत गुरु ग्रंथसाहेबांसमोर दोघं बसले, मुलीच्या वडलांनी मुलाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं टोक तिच्या हातात दिलं, रागी म्हणजे कीर्तन करणारे गात होते, आणि चौथे गुरू रामदास यांच्या चार लावां, म्हणजे लग्नाची चार कडवी, एकेक आधी वाचायची आणि मग गात असताना दोघांनी ग्रंथसाहेबांभोवती फिरायचं, तो पुढे ती मागे, हातात ते टोक. प्रत्येक फेरीनंतर दोघांनी मत्था टेकायचा. चार वेळा. हार कुठेच नाही. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने ह्याच लग्नाला मान्यता दिलीय. नंतर जेवणाच्या हॉलमध्ये स्टेजवर जयमाला झाली खरी, पण ती लग्न लागून गेल्यावर, फोटोवाल्याच्या आग्रहाने, आणि आजोबा तेव्हा लंगरच्या पंगतीत बसले होते, त्यांनी बघितलीसुद्धा नाही.

म्हणजे बघा, आपल्याकडे हार बरोबर मुहूर्ताच्या क्षणी येतो, दोघं एकमेकांपुढे मान वाकवतात. त्यांच्याकडे हार दोन घरांमध्ये, दारात, लग्नाच्या आधी, आणि मान वाकते ती ग्रंथसाहेबांपुढे, तिथे दोघं एकाच बाजूला असतात, समोरासमोर नसतात. एकच फूल, एकच दोरा, पण जागा वेगळी. ह्याला अर्थ एकच म्हणणं म्हणजे दोघांचंही नीट न बघणं.

आता नल-दमयंती. शाळेत धड्यात होती तेव्हा मला फक्त हंस आठवायचा. महाभारतात वनपर्वात ती आहे, आणि नांदेडहून येताना ट्रेनमध्ये मला एकदम ती आठवली. स्वयंवरात दमयंती हार घेऊन येते तर समोर पाच नल बसलेले, कारण इंद्र, अग्नी, वरुण आणि यम चौघांनी त्याचं रूप घेतलंय. ओळखायचा कसा? ती देवांनाच हात जोडते की तुमची खूण दाखवा. मग तिला दिसतं की चौघांना घाम नाही, पापणी हलत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि त्यांच्या गळ्यातले हार अगदी ताजे, धुळीचा कण नाही. आणि पाचव्याची सावली पडलीय, अंगावर धूळ आहे, घाम आहे, आणि त्याच्या गळ्यातला हार सुकलाय. सुकलेल्या हारावरून तिने आपला माणूस ओळखला! देव हवे होते तर ताज्या हाराचे चार होते. आणि तिने काय केलं तर लाजत आधी त्याच्या वस्त्राचं टोक धरलं आणि मग खांद्यावर हार घातला. वस्त्राचं टोक. मी दोन दिवसांपूर्वीच नांदेडला एका मुलीच्या हातात ते बघून आले होते. कोणी कोणाकडून काय घेतलं असले दावे मला करायचे नाहीत, मला फक्त ट्रेनमध्ये अंगावर काटा आला एवढंच सांगते.

तर तो मॅनेजर मॅडम हे सुकत नाहीत म्हणाला ना, तेव्हा मला त्याला हे सांगायचं होतं. न सुकणारा हार देवांचा असतो बाबा, आमचं पोरगं सकाळी सहापासून उभं आहे, घामाने भिजलंय, त्याच्या गळ्यात सुकणारच हवा.

नांदेडच्या आजोबांनी निघताना विचारलं होतं, नामदेव तुमचेच ना? म्हटलं हो, आमचेच. म्हणाले आमचेपण. गुरु ग्रंथसाहेबांत नामदेवांची ६१ पदं आहेत हे मला माहीत होतं, पण त्यातलं आसा रागातलं एक त्यांनी तिथेच उभ्या उभ्या म्हणून दाखवलं, त्यात हाराचीच गोष्ट निघाली. नामदेव म्हणतात फुलं आणली, माळ ओवली, ठाकुराची पूजा करावी म्हटलं, तर भुंग्याने आधीच वास घेऊन टाकलाय, आता विठ्ठल तर तिथेही आहेच, मी काय करू. पाण्याचं तसंच, त्यात आधीच लाखो जीव, दुधाचं तसंच, वासराने आधीच उष्टं केलेलं. बीठल भैला काइ करउ, असं येतं त्यात पुन्हा पुन्हा, नांदेडच्या एका सरदारजींच्या तोंडून ते विठ्ठलाचं नाव ऐकताना मला माझे सासरे आठवले. ह्या हिशोबाने जगातला एकमेव सोवळा हार म्हणजे आमच्या हॉलवाल्याचा, त्याला कुठलाच भुंगा कधी हुंगायला गेलेला नाही.

संपादकसाहेब, तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या सीझनला ती अर्थांची चौकट पुन्हा छापू नका. त्या जागेत हार ओवणाऱ्या बायकांवर काहीतरी करा, पहाटे चार वाजता मार्केट यार्डात माणूस पाठवा, किती माल येतो, लग्नाच्या तिथीला गुलछडी कुठल्या कुठे जाते, दुसऱ्या दिवशी कशी रस्त्यावर ओततात, कोणाला किती सुटतात, हे वाचायला आवडेल. आणि हॉलवाल्यांना बाहेरचे हार चालत नाहीत ह्या अटीबद्दल कुठल्या तरी वाचकाने ग्राहक आयोगात विचारलं असेल तर त्याला पत्र लिहायला सांगा, आम्ही लग्नाच्या गडबडीत भांडलो नाही, चोरून आणले आणि दोन्हीचे पैसे भरले.

मंडईतल्या बाईंचे हार रिसेप्शनपर्यंतच माना टाकून बसले होते, तिसऱ्या दिवशी सुनेने दोरा सोडवून घेतला, फुलं सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात घातली आणि दोरा कढीपत्त्याच्या काडीला बांधला. हॉलचे दोन्ही हार अजून माळ्यावर आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसेच्या तसे. ओल्या कचऱ्यात घेत नाहीत, सुक्या कचऱ्यातल्या बाईने तार बघून परत दिले. कोणाला हवे असतील तर तुमच्या ऑफिसात कळवावं, माझा पत्ता तुमच्याकडे आहे. बाजीराव रोडपर्यंत आणून देईन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी आणि नवी सासू,
सिंहगड रोड, पुणे